नानांची विरळणी

ताई बॅग घेऊन आली की घरात बैठक भरते, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. जिन्याखालच्या खोलीचं भांडण ताईच्या बैठकीत मिटलं होतं. धाकट्याने चांगली नोकरी सोडली तेव्हाही ताईच आली होती. आणि नानांच्या हृदयाची झडप बदलायची की नाही यावर तर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेकाला बोलतं केलं होतं. या वेळी बैठकीचा विषय होता पालक. नुसता पालक नव्हे; पालक, मेथी, माठ आणि ही सगळी भाजी जिथे उगवत होती ती मागच्या अंगणातली जागा.

वहिनी त्या बैठकीला बसायच्या आधीच दमली होती. वहिनी म्हणजे घरातली थोरली सून. धाकट्या दिराची आणि नणंदेची, म्हणजे ताईची, ती वहिनी असणं ठीकच, पण इतक्या वर्षांत सासूसासरे म्हणजे आई आणि नानाही तिला वहिनीच म्हणायला लागले होते, आणि परवा तर खुद्द नवऱ्यानेच दारातून ‘वहिनी, किल्ली कुठाय?’ असं विचारून जीभ चावली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. आठवडाभर लोकांचे नंबर डोळ्यांसमोर धरून बसल्यावर रविवारी तिला एवढंच हवं असायचं, की कुणी आपल्याला काही विचारू नये. त्याऐवजी आज चहाचे कप घेऊन ती टेबलाशी आली तर टेबलाच्या मधोमध तिची वाटी ठेवलेली होती. धुऊन, पुसून, पोलिसांनी जप्त करून आणलेल्या मुद्देमालासारखी.

“हीच ती वाटी?” ताईने विचारलं.

“हीच,” वहिनी म्हणाली आणि वाटी बाजूला सरकवून तिथे चहा ठेवला.

वाटीची गोष्ट अशी होती. झडप बदलल्यापासून नानांना रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली होती, रोज संध्याकाळी एक, कायमची. पालेभाजीत असं काहीतरी असतं की ते या गोळीच्या उलट काम करतं. भाजी जास्त खाल्ली की रक्त दाट होतं, अचानक कमी केली की गोळीचा जोर वाढून ते फारच पातळ होतं. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला समोर बसवून नीट समजावलं होतं की भाजी बंद करायची नाही, ती अंगाला चांगलीच आहे. फक्त रोज तेवढीच हवी, म्हणजे त्या बेताने गोळी ठरवता येते. घरातल्या बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलेलं हे बोलणं वहिनीला मात्र चटकन पटलं होतं, कारण नंबर एकदा ठरला की काच त्याच नंबराची बसवायची असते, हेच तर ती दिवसभर करत होती. घरी येऊन तिने कपाटातली एक स्टीलची वाटी बाजूला काढली. रोज दुपारी शिजवलेली पालेभाजी त्या वाटीत काठोकाठ भरायची आणि नानांच्या ताटात ओतायची. दुकानात उशीर व्हायचा असला तर ती सकाळीच वाटी भरून झाकून ठेवून जायची.

आणि इतकं सगळं करूनही रक्त काही जागेवर राहीना. गेल्या महिन्यात तपासलं तर दाट निघालं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. मग गेल्या आठवड्यात एका सकाळी बेसिनपाशी नानांच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि ते थांबेचना. एक टॉवेल भिजला, दुसरा भिजला, आणि धाकट्याने व्हॅन आडवीतिडवी हाकत सगळ्यांना दवाखान्यात नेलं. या वेळी रक्त इतकं पातळ झालं होतं की हे रक्त डोक्यात उतरलं असतं तर काय, असं डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं. खाण्यात काही बदल झाला का, हेही त्यांनी विचारलं. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं. नानांनीही सांगितलं, की जेवणात रोज एक वाटी, ना कमी ना जास्त. नाना घरी येऊन आता दोन-तीन दिवस झाले होते, आणि ताई काल रात्रीच्या गाडीने हजर झाली होती.

ताईचं म्हणणं सोपं होतं. भाजीमुळे त्रास होतो ना, मग भाजीच नको. अंगणातले वाफे उपटून टाकायचे, म्हणजे प्रश्नच मिटला. वहिनीने तिला पुन्हा एकदा सांगून पाहिलं की भाजी एकदम बंद केली तर गोळी आणखी चढेल, आणि चढल्यामुळेच तर रक्त आलं. त्यावर ताई म्हणाली की मग डॉक्टर गोळी कमी करतील, त्यात काय. ताई बँकेत अधिकारी होती आणि कुठलीही गोष्ट कमी करणं हा तिला नेहमीच उत्तम उपाय वाटायचा.

धाकट्याने लगेच तिची री ओढली. त्याला रक्ताशी फारसं देणंघेणं नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण त्या सकाळी व्हॅन चालवताना तो लहान मुलासारखा रडत होता. पण व्हॅन हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय होताच. पाण्याचे फिल्टर विकायचा आणि बसवून द्यायचा धंदा त्याने सुरू केला होता, आणि माल भरलेली व्हॅन रोज रस्त्यावर उभी करायची त्याला धास्ती वाटायची. मागचं अंगण फरशी घालून सपाट केलं की व्हॅन फाटकातून आत येईल. फरशीवाल्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. उद्या सकाळी माणसं येणार होती.

“उद्या?” वहिनी म्हणाली. “नानांना विचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं वहिनी? ते नाहीच म्हणणार,” धाकटा म्हणाला. “त्यांच्याच भल्यासाठी चाललंय ना?”

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. थोरला नकाशे काढायच्या कचेरीत होता, आणि घरातल्या बैठकांत तो मूग गिळून बसायचा म्हणजे अगदी मन लावून बसायचा. आत्ता तो वर्तमानपत्राच्या घडीची घडी घालत होता. ती घडी आता इतकी जाड झाली होती की आणखी मोडता येत नव्हती, तरी त्याचा प्रयत्न चालू होता.

तेव्हा भिस्त होती ती आईंवर. सासूबाईंना ती भाजी आवडायची. नानांच्या अंगात ऑपरेशननंतर जे काही त्राण आलं ते भाजीमुळेच आलं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि कालपर्यंत त्या वाफ्यांना कुणी हात लावायची गोष्ट काढली की कडाडायच्या. पण ताईने उलटतपासणी सुरू केली आणि सगळंच बिनसलं. वाटी रोज तीच का, भरायचं कोण, वहिनी दुकानात असली की वाढायचं कोण, असं एकेक विचारत ताई आईंपर्यंत आली, आणि आईंनी पदराशी चाळा करत सांगून टाकलं की कधीकधी त्या आपल्या ताटातली चमचाभर भाजी नानांना वाढायच्या.

“चमचाभर म्हणजे?” वहिनीने विचारलं.

“चमचाभर म्हणजे चमचाभर. आता चमच्यालाही माप लावणार का तू?”

“आई, मी त्या वाटीसाठी दुपारची सुट्टी सोडून घरी धावत येत होते. आणि तुम्ही मागून वाढत होतात?”

“माझ्या नवऱ्याला मी चमचाभर भाजी वाढायची नाही या घरात?” आईंचा आवाज चढला. “इतकी वर्षं मी काय मोजून वाढलं? वाटी, वाटी, वाटी. आजारी माणूस आहे तो, दुकानातलं गिऱ्हाईक नाही. घ्या, उपटा ते सगळं. उद्या कशाला, आत्ता उपटा. मलाही नको ती भाजी.”

झालं. जी एक बाजू आपली म्हणून वहिनी धरून बसली होती तीही एका वाक्यात पलीकडे गेली. ताईने टेबलावर हात ठेवून आता बोलायचं काही राहिलं नाही असा चेहरा केला. धाकटा खिशातला फोन चाचपायला लागला. वहिनीला इतका संताप आला की तिने रिकामे कप गोळा केले आणि नळाशी जाऊन उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रडायचं तर मुळीच नव्हतं. चमच्याने एवढा फरक पडत नाही हे तिला माहीत होतं. तसं ती डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी विचारून आली होती. मग पाणी मुरतं कुठे, तेच तिला कळत नव्हतं. आणि आता ते कळायची गरजच कुणाला उरली नव्हती. उद्या फरशी येणार, नाना खिडकीशी खुर्ची टाकून बसणार, आणि ऑपरेशननंतरचे पहिले ते दिवस पुन्हा सुरू होणार, जेव्हा ते सकाळी उठून अंघोळ करून पुन्हा पलंगावर जाऊन पडायचे आणि का पडलात विचारलं तर ‘उठून काय करू?’ असं विचारायचे. शेवटी त्यांनी स्वतःच कुदळ हातात घेतली होती.

नळासमोरच्या खिडकीतून मागचं अंगण दिसायचं. नाना वाफ्याशी उकिडवे बसले होते. लांबून पाहिलं तर लिफ्टच्या मशिनखोलीत बसल्यासारखेच. सगळं आयुष्य त्यांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात काढलं होतं आणि बसायची ती तऱ्हा अजून गेली नव्हती. ते दवाखान्यात असताना पालकाचा नवा वाफा उगवून वर आला होता. रोपं इतकी दाट की माती दिसत नव्हती. नाना दोन बोटांनी एकेक रोप उपटत होते, झटकून त्याची माती काढत होते, शर्टाला पुसत होते आणि तोंडात टाकत होते. मग दुसरं. मग तिसरं. चणे-फुटाणे खावेत तसं आपल्याच तंद्रीत चाललं होतं. वहिनी बघत राहिली. हातातला कप तिने हळूच खाली ठेवला.

“इकडे या सगळे,” ती म्हणाली.

तिचा आवाज असा होता की थोरलासुद्धा उठला. पाचही जणं त्या एवढ्याशा खिडकीशी दाटीवाटीने उभी राहिली. नानांनी मूठभर रोपं आणखी उपटली, मेथीच्या वाफ्याकडे सरकले आणि तिथेही तोच प्रकार सुरू केला.

“हे कधीपासून?” ताईने विचारलं, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात अधिकारी नव्हता.

सगळ्यांची वरात मागच्या दाराने अंगणात गेली. नानांनी मान वर केली, आणि एवढी माणसं एकदम पाहून त्यांचा हात तोंडाशीच थांबला.

“नाना, काय खाताय?” वहिनीने विचारलं.

“खात कुठाय? विरळणी करतोय.”

“तोंडात काय आहे?”

“विरळणीतलं आहे,” नाना चावता चावता म्हणाले. मग सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना बहुधा वाटलं की या माणसांना बागेतलं काही कळत नाही, तेव्हा समजावलं पाहिजे. रोपं दाट उगवली तर एकमेकांना वाढू देत नाहीत, म्हणून मधली मधली उपटून जागा करावी लागते, त्याला विरळणी म्हणतात. आणि उपटलेलं रोप एवढं कोवळं, एवढं ताजं, ते टाकून द्यायला हात धजावत नाही. म्हणून तोंडात जातं. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

“आणि डॉक्टरांना तुम्ही रोज एक वाटी म्हणून सांगितलंत,” वहिनी म्हणाली.

“एक वाटीच. त्यांनी जेवणाचं विचारलं, मी जेवणाचं सांगितलं. ताटात पडतं ते जेवण. हे काम आहे.”

नाना खोटं बोलत नव्हते, तीच खरी पंचाईत होती. तो माणूस जन्मभरात कधी खोटं बोललेला नव्हता आणि आत्ताही बोलत नव्हता. वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या डोक्यात आता एकेक गोष्ट जागेवर बसत होती. गेल्या महिन्यात रक्त दाट निघालं तेव्हा आधीच्या वाफ्यांची विरळणी चालू होती. तपासायला हात पुढे केला तेव्हा नानांच्या नखांत माती होती आणि सुई टोचणाऱ्या मुलीने ती पुसून काढली होती. म्हणजे ते दिवसभर मुठी मुठी पाला खात होते, रक्त दाट झालं, गोळी वाढली. मग विरळणी संपली, रोपं मोठी झाली, खायला काही उरलं नाही, उरली ती फक्त वाटी. आणि गोळी मात्र वाढलेलीच. तिने हे सगळ्यांना तिथेच उभ्याने सांगितलं. आता पुन्हा विरळणी, पुन्हा रक्त दाट, पुन्हा गोळी वाढणार, आणि हा वाफा मोठा झाला की पुन्हा बेसिन.

आई मटकन पायरीवर बसल्या. “आणि मी चमच्यासाठी बोलून घेतलं,” त्या म्हणाल्या. त्या नक्की कुणावर रागावल्या होत्या ते त्यांनाही कळत नव्हतं, पण वहिनीकडे पाहून त्यांनी बाजूची जागा पदराने झटकली आणि बस म्हणून खूण केली. वहिनी बसली नाही. तिला अजून राग होता, आणि तो असा सहजासहजी सोडायची तिची तयारी नव्हती.

ताईने मात्र लगेच स्वतःला सावरलं. म्हणजे मी म्हणत होते तेच झालं, असं तिने जाहीर केलं; बाग आहे तोवर हा माणूस चरत राहणार, त्यापेक्षा बागच नको. मुलीच्या तोंडून आपल्याबद्दल ‘चरत’ हा शब्द ऐकून नानांचा तिळपापड झाला आणि त्यांनी तिला तिच्या लहानपणच्या मातीखाण्याची आठवण करून दिली. धाकट्याने त्यातच फरशीचं काढलं. नानांना ते ठाऊकच नव्हतं. ते उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, आणि एकदा धाकट्याकडे, एकदा मोकळ्या पट्ट्याकडे बघितलं. जुना माठ काढून टाकल्यावर तो पट्टा त्यांनी दवाखान्यात जायच्या आधीच खणून ठेवला होता.

“उद्या येणार माणसं?” त्यांनी विचारलं.

“हो,” धाकटा म्हणाला. “म्हणजे तुम्ही म्हणाल तर.”

“मी काय म्हणणार,” नाना म्हणाले आणि अंगणातल्या नळाकडे हात धुवायला निघून गेले.

भांडले असते तर बरं झालं असतं. ते असे निमूट गेलेले वहिनीला बघवलं नाही. ती त्यांच्या मागोमाग नळाशी गेली. बाकीची मंडळी पायरीपाशी उभी राहून हलक्या आवाजात पुन्हा बोलायला लागली होती, आणि हलक्या आवाजात बोलणं त्या घरात कुणालाच जमत नसल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

नळाशेजारच्या फळीवर पालकाच्या बियांचं नवं पाकीट फोडलेलं होतं. आज पेरायचं म्हणून बी फडक्यात भिजवलेलंही होतं, सगळंच्या सगळं. वहिनीने ते बघितलं आणि तिला आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती तिला आधीच यायला हवी होती.

“नाना, एवढंसं रान आणि अख्खं पाकीट?”

“हं.”

“म्हणून दाट येतं. म्हणून एवढं उपटावं लागतं. पाकिटावर लिहिलंय की थोडं थोडं पेरा, दर आठवड्याला. तुम्ही तर लिफ्टच्या तारेला तेल घालताना थेंब मोजायचात म्हणे.”

नाना हात धूत राहिले. स्वच्छ झालेले हात त्यांनी पुन्हा धुतले.

“वहिनी,” ते म्हणाले, “लिफ्टची तार झिजली की आम्ही ती तुटायच्या आधी बदलायचो. माझी बदलून झाली. दुसऱ्यांदा बदलत नाहीत. या आठवड्याला चिमूटभर पेरायचं, उरलेलं पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचं, हे ज्याला पुढचा आठवडा आहे त्याने करावं. मी ठेवलं आणि पाकीट तसंच फळीवर राहिलं तर? हाताशी आहे ते पेरून मोकळं व्हावं.”

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, ज्या आवाजात ते कुठला वाफा कोरडा आहे ते सांगायचे. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. घरात सगळे रोज त्यांचं रक्त, गोळी, मीठ, झोप यावर बोलत होते आणि हा माणूस प्रत्येक वेळी शेवटचं म्हणून पेरत होता. कुणी विचारलं नव्हतं. वाटी भरणाऱ्या वहिनीनेही नव्हतं. तिला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याबरोबर त्याहून मोठा संताप आला, कारण या घरातल्या माणसांना मनातलं सांगायला प्रत्येक वेळी आधी रक्त सांडावं लागतं, असं तिला वाटलं.

तिने फडकं उघडलं. भिजलेल्या बियांतला चौथा हिस्सा काढून नानांच्या ओल्या तळहातावर ठेवला आणि उरलेलं बी कोरडं होईल असं कागदावर पसरलं.

“एवढंच?” नानांनी विचारलं.

“एवढंच. भिजलेलं सुकवून चालेल का ते माहीत नाही, नाही चाललं तर मी नवं पाकीट आणीन. पण पुढचं बी पुढच्या रविवारी, त्याच्या पुढचं त्याच्या पुढच्या रविवारी. माझ्या हातून मिळेल. मागितलंत तरी आधी मिळणार नाही. आणि उपटलेली रोपं माझ्या वाटीत टाकायची. ती वाटीतच धरायची, वाटीबाहेर एक पान तोंडात गेलेलं मला चालणार नाही.”

“आणि मी नसलो तर?”

“तर मी पेरीन,” वहिनी म्हणाली. “आणि मला पेरता येत नाही. वाकडंतिकडं येईल, किडेल, आणि ताई येऊन बैठक घेईल, की हे कुणी बिघडवलं. रोज वाटी भरताना मी पुढच्या आठवड्याचा विचार करते, नाना. तो तुम्ही नसताना करून काय उपयोग? मला एकटीला नाही जमायचं ते. तुम्हीही करा.”

पायरीपाशी सगळ्यांनी ऐकलं होतं. आई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि तोंडावर पदर धरून नवऱ्याकडे बघत होत्या, जणू तो आत्ताच कुठूनतरी लांबून आला आहे. आणि मग थोरला बोलला, म्हणजे त्या बैठकीतलं त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. तो धाकट्याला म्हणाला, “फरशीवाल्याला फोन लाव आणि नको म्हणून सांग.”

“दादा, अरे व्हॅन—”

“लाव.”

धाकट्याने कुरकुरत फोन काढला. ताई म्हणाली की ती डॉक्टरीणबाईंशी स्वतः बोलणार आहे, आणि विरळणीचं त्यांना आजच्या आज कळायला हवं, म्हणजे पुढची तपासणी लवकर करतील. वहिनीने मान डोलावली. ताईचं ते बोलणं बरोबरच होतं, आणि तिचं काही बरोबर असलं की वहिनीला उगाचच चिडायला व्हायचं, तसं आत्ताही झालं. आई कुणालाही न विचारता आत जाऊन ती वाटी घेऊन आल्या आणि विरळलेली रोपं जमिनीवरून वेचून तिच्यात टाकायला लागल्या.

नाना तळहातावरच्या बियांकडे बघत मोकळ्या पट्ट्याशी गेले. एवढ्याशा बियांसाठी हा पट्टा फार मोठा आहे, माती उगाच उघडी पडणार, तण माजणार, असं ते स्वतःशीच बडबडत होते. ती बडबड बराच वेळ चालली. मग ते खाली बसले, एका टोकाला बोटाने लहानशी सरी ओढली आणि एकेक बी अंतर ठेवून टाकायला सुरुवात केली. प्रत्येक बी टाकल्यावर थांबत होते. सवय नव्हती. सरी पुरी झाल्यावर त्यांनी तिच्यावर माती सारली आणि पट्ट्याचा उरलेला रिकामा भाग हाताने सपाट करत गेले, पार दुसऱ्या टोकापर्यंत.

धाकट्याचा फरशीवाल्याशी वाद चालला होता. फोन कानाला लावून तो बोलता बोलता येरझारा घालत त्या सपाट मातीपाशी आला आणि पाय टाकणार, तेवढ्यात नानांनी खालूनच त्याच्या पोटरीवर चापट मारली.

“आंधळा आहेस का?” ते ओरडले. “तिथे पुढच्या रविवारचं पेरायचंय.”